काज मशीनचे दोन तुकडे

शर्टाच्या बाहीवर बातमी होती आणि काका ती मोठ्याने वाचत होते. बाही कापडाची नव्हे, कागदाची. गल्लीच्या टोकाचे टेलर मास्तर वर्तमानपत्रावर आखून नमुने कापत आणि काकू त्यांवर कापड बेतत. नमुना टाचण्यापूर्वी त्यावरचा मजकूर वाचून काढायचा, ही निवृत्तीनंतरची काकांची नोकरी. गोष्ट नोटाबंदीच्याही आधीची.

"'दोन लाखांच्या वर रक्कम रोखीने घेता येणार नाही,'" काका म्हणाले. "अगं, तुझं मशीन तीन लाखांचं ना?"

काकूंच्या हातातली सुई थांबली. काकूंकडे शाळेच्या चारशे शर्टांची ऑर्डर होती. एका शर्टाला बटणांची सात काजं, म्हणजे अठ्ठावीसशे. हाताने करायची तर शाळा उघडेपर्यंत डोळ्यांचं पाणी झालं असतं. मास्तर दुकान बंद करत होते आणि त्यांचं काजं करायचं मशीन काकूंना द्यायला तयार होते. अट एकच, पैसे रोख. नऊ वर्षं शिलाईतून मागे टाकलेले पैसे काकूंनी पेटीतून काढून ठेवलेही होते.

"पुढे काय लिहिलंय?"

"पुढे काखेचा गोल आहे. कापला गेलाय."

दोघं तशीच मास्तरांकडे गेली. बाही पाहून मास्तर भडकले. "माझ्या खिशात किती आहेत याच्याशी सरकारला काय करायचंय? उद्या विचारतील, जेवलात किती!"

"तसं नाही मास्तर," काका म्हणाले. "लबाडीचा पैसा रोखीनेच फिरतो. सरळ माणसाला कसली भीती?"

"सरळ माणसालाच भीती असते हो. लबाडाला वकील असतो."

"मी बँकेत भरून तुम्हाला चेक देऊ का?" काकूंनी हळूच विचारलं.

"मागे एक चेक घेतला होता. मी पोचायच्या आत तो परत येऊन माझी वाट बघत बसला होता! नोट मोजली की मला झोप लागते. आणि हे बघा, शनिवारनंतर दुसरं गिऱ्हाईक उभं आहे."

काकूंना खोटं वागायचं नव्हतं आणि मशीनही सोडायचं नव्हतं. अशा वेळी माणूस जे करत आला तेच करतो. मास्तरांनी जन्मभर शर्टाचे तुकडे करून कारागिरांना दर दिला होता, कॉलरचा वेगळा, कफाचा वेगळा. त्यांचे डोळे चमकले.

"मशीनचं डोकं उद्या सोमवारी घ्या, दीड लाखाला. मोटर आणि टेबल मंगळवारी, दीड लाखाला. दोन वस्तू, दोन पावत्या. दोन लाखांच्या वर कोण गेलं?"

काकांना ही युक्ती फारच आवडली. काकूंना ती आवडली नाही, पण नेमकं काय आवडलं नाही ते सांगता येईना, म्हणून त्यांनीही मान डोलावली.

सोमवारी डोकं घरी आलं आणि जेवणाच्या टेबलावर बसलं. मंगळवारी उरलेलं धड येऊन दारामागे उभं राहिलं. बुधवारी मास्तर येऊन जोडणी करणार होते. ते आले, पण हातात पान्हा नव्हता. पैशांची पिशवी होती, आणि दुसऱ्या हातात कागदाचा खिसा.

"काकू, घात झाला. बातमीचा पुढचा भाग खिशावर निघाला." त्यांनी धापा टाकत वाचलं, "'तुकडे करून घेतले तरी तो एकच व्यवहार धरला जाईल. जेवढी रक्कम, तेवढाच दंड. तो घेणाऱ्याला.' घेणारा मी! हे घ्या तुमचे तीन लाख."

काकूंनी हात पुढे केला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. "पण मी घेतले तर घेणारी मी होईन ना?"

"तुमचेच आहेत की!"

"कालपर्यंत होते. आता तुमचे आहेत. तुम्ही पावती दिलीत."

"मी पावती परत घेतो."

"झालेलं झालं नाही असं कसं म्हणायचं, मास्तर?"

मास्तरांनी पिशवी आत सरकवली, काकूंनी ती पायाने बाहेर सरकवली. शेवटी ती उंबरठ्यावर राहिली, अर्धी आत, अर्धी बाहेर. काका वाकून चहूबाजूंनी बघत होते.

"कायद्याने ही आत्ता नेमकी कुणाची? प्रश्न मोठा गमतीचा आहे."

"तुम्ही गप्प बसा हो," काकू म्हणाल्या. "मास्तर, ते राहू दे. मशीन तेवढं जोडून द्या. शाळा माझ्यासाठी थांबायची नाही."

"जोडलं की सौदा पुरा झाला. मी स्क्रूला हात लावणार नाही."

गुरुवारी आणि शुक्रवारी काकूंनी हाताने काजं केली. एकशे चाळीस झाली आणि दोऱ्याचं टोक दिसेनासं झालं. पिशवी उंबरठ्यावरच होती. जाता-येता सगळे ती ओलांडत. काका रात्री तिच्याशेजारी गादी टाकून झोपत आणि मास्तर पहाटे येऊन ती आहे ना ते बघून जात, हात न लावता.

शनिवारी काकू उठल्या त्या ठरवूनच. "चला बँकेत. जे असेल ते खरं सांगू. दंड झाला तर निम्मा माझा. युक्ती तुमची, पण मान मीही डोलावली होती."

पिशवी कुणी घ्यायची, यावर पुन्हा घोडं अडलं. अखेर एक बंद काकूंनी धरला, एक मास्तरांनी, आणि मध्ये पिशवी लोंबकळत दोघं रस्त्याने निघाली. काका मागून नजर ठेवत.

बँकेतल्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. बाही वाचली, खिसा वाचला, दोन्ही एकमेकांना लावून पाहिले.

"बाकीची बातमी कुठे आहे?"

"कॉलरवर," मास्तर खाली मान घालून म्हणाले. "ती शाळेला दाखवायला पाठवली."

"तिथे लिहिलं असेल बघा. हा नियम अजून झालेला नाही. नुसता सुचवलाय. करावा की करू नये, यावर वाद चाललाय."

मग मास्तरांच्या बाजूचा बंद जरा ताठ झाला.

"म्हणजे तीन लाख माझे."

"आणि मशीन माझं," काकू म्हणाल्या. "चला, जोडून द्या."

मास्तरांची मान वर आली. चार दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा चेहरा पूर्वीसारखा दिसला. "जोडतो की. जोडणीचे मात्र वेगळे पडतील हं, काकू. ते काही मशीनच्या किमतीत धरलेले नव्हते."

काकूंनी पिशवी हलकेच ओढून घेतली आणि काखेत धरली. बाईंना त्यांनी अगदी मऊ आवाजात विचारलं, "हा नियम व्हावा म्हणून अर्ज कुठे करायचा असतो?"

"का हो? तुम्हाला तर त्याचा एवढा त्रास झाला."

"घरी शिवण सुरू करायच्या आधी अकरा वर्षं मी मास्तरांच्या दुकानात काजं केली. दर शनिवारी मजुरी मागायची आणि त्यांनी 'सोमवारी बघू' म्हणायचं. ह्या बुधवारी ते स्वतः दारात आले, पैसे घ्या, पैसे घ्या म्हणून विनवत होते. नियम नुसता सुचवला तर एवढं. झाला तर काय होईल, ते मला डोळ्यांनी बघायचंय."