ताशी त्रेचाळीस किलोमीटरने मिठी

आमच्या प्रकाशनसंस्थेत चाकांच्या खुर्च्या नऊ. पैकी तीन खुर्च्यांचं एकेक चाक गायब आहे, दोन मालकांच्या केबिनमध्ये आहेत आणि त्यांना हात लावायची कुणाची छाती नाही, एक सारखी डावीकडे ओढते, एक बसलं की हळूहळू खाली जाते. उरलेल्या दोन सरळ चालतात. हे आधीच सांगून ठेवते, कारण नंतर जे झालं त्याचं खापर लोकांनी खुर्च्यांवर फोडलं. खुर्च्यांचा दोष नव्हता. माझा तर नव्हताच. माझं मोजमाप चुकत नाही.

पुस्तकांतल्या विज्ञानाच्या चुका शोधायच्या, यासाठी मला इथे पगार मिळतो. सगळे मला 'फूटपट्टी' म्हणतात. मला त्याचं काही वाटत नाही. फूटपट्टी उपयोगी वस्तू आहे.

तर माझ्या टेबलावर कॅप्टनबाईंची कादंबरी आली. कॅप्टनबाई सैन्यातून निवृत्त झालेल्या. आवाज असा की चहा मागितला तरी माणूस ताठ उभा राहतो. चारशे पानं अंतराळातलं युद्ध, आणि त्याच्या मधोमध दोन बायका. एक आरमाराची सेनापती, दुसरी शत्रूकडची वैमानिक. सातव्या प्रकरणात त्या प्रेमात पडतात, आठव्यात युद्ध त्यांना वेगळं करतं ते अकरा वर्षांसाठी. शेवटी तह होतो. अंतराळयानं उभी करायचा मोठा हॉल रिकामा असतो, तिथलं गुरुत्व बंद असतं, आणि दोघी समोरासमोरच्या दारांतून झेप घेऊन अधांतरी मिठी मारतात.

मला कादंबरी फार आवडली. पण बाईंनी आकडे दिले होते. हॉल साठ मीटर, वेळ अडीच सेकंद. म्हणजे प्रत्येकीचा वेग ताशी त्रेचाळीस किलोमीटर. ही मिठी नाही, हा अपघात आहे. मी समासात लिहिलं, 'या वेगाने मिठी शक्य नाही. बरगड्या मोडतील. वेग कमी करावा.'

तुम्हीच सांगा, यात संदिग्ध काय आहे?

दुसऱ्या दिवशी मालकांनी मला आणि कॅप्टनबाईंना केबिनमध्ये बोलावलं. मालकांना त्या दोन बायका पहिल्यापासून खुपत होत्या, पण तसं तोंडावर म्हणायची हिंमत नव्हती. आता त्यांचा चेहरा लॉटरी लागल्यासारखा फुलला होता.

"बाई, माझं काही म्हणणं नाही," ते म्हणाले. "पण शास्त्रच नाही म्हणतंय. हे बघा." आणि त्यांनी पान पुढे केलं. 'मिठी शक्य नाही.' त्याआधीच्या 'या वेगाने' या दोन शब्दांवर मालकांचा अंगठा होता.

"अंगठा काढा," मी म्हटलं.

"मुद्दा अंगठ्याचा नाही. शेवट बदलावा लागेल. दोघींना बहिणी करून टाका. ताटातूट झालेल्या बहिणी. वाचक ढसाढसा रडतील."

"बहिणी केल्या तर सातव्या प्रकरणाचं काय करू?" कॅप्टनबाईंनी विचारलं.

मालकांनी सातवं प्रकरण वाचलं नव्हतं हे उघड होतं.

"शुक्रवारी पुस्तक छपाईला जातंय," ते म्हणाले. "अशी मिठी होते हे तोपर्यंत दाखवा, शेवट राहील. नाहीतर बहिणी."

बाहेर आल्यावर कॅप्टनबाई माझ्यावर उखडल्या. "तू माझ्या बाजूची की त्याच्या?"

"मी वेगाच्या बाजूची आहे."

"मग बस बोंबलत." त्या माझ्या खुर्चीत बसल्या. ती बसलं की खाली जाणारी होती. खाली जाता जाता त्या म्हणाल्या, "मी सुट्टीवर घरी यायचे तेव्हा डॉक्टर दारात उभी असायची. डॉक्टर म्हणजे माझी डॉक्टर, एकत्र राहतो आम्ही. तीस वर्षं आम्ही दारात एकमेकींना नुसता नमस्कार केला, कारण समोर शेजारी. शेजाऱ्यांना वाटायचं आतेबहिणी. आता आणखी दोघींना मी बहिणी करणार नाही."

मला मालकांचा इतका राग आला होता की माझे कान तापले होते. माझं वाक्य, आणि त्याच्यावर त्यांचा अंगठा! मी म्हटलं, "कॅप्टनबाई, आपण मिठी मारून दाखवू."

योजना अगदी सोपी होती. सारख्या वजनाच्या दोन व्यक्ती सारख्या वेगाने समोरासमोर आल्या आणि त्यांनी एकमेकींना घट्ट धरलं, तर दोघी जागीच थांबतात. धरलं नाही तर उलट फेकल्या जातात. आमचा पॅसेज गुळगुळीत आहे आणि सरळ चालणाऱ्या खुर्च्या दोन आहेत. फक्त माझ्या वजनाचं माणूस हवं होतं. म्हणून गोदामातला पार्सलचा काटा घेऊन मी टेबलाटेबलांवर फिरले.

"वजन कशाला हवंय?" हिशेब बघणाऱ्या काकूंनी विचारलं.

"जास्त वजनाची माणसं चालणार नाहीत म्हणून," मी म्हटलं. हे शब्दशः खरं होतं.

दुपारपर्यंत ऑफिसभर झालं की मालक वजनावरून माणसं कमी करणार आहेत. पानांची मांडणी करणाऱ्याने जेवण सोडलं. काकूंनी काट्यावर चढताना चपला, घड्याळ आणि चष्मा काढला, आणि मग आकडा दिसेना म्हणून माझ्यावरच चिडल्या. मी दोनदा खुलासा केला की हे मिठीसाठी आहे. त्याने परिस्थिती सुधारली नाही.

शेवटी चित्रकार म्हणाली, "माझं कर की." तिनेच पुस्तकाचं मुखपृष्ठ केलं होतं. तिच्या डाव्या कोपराला कायम निळा रंग लागलेला असतो. या नोंदीचा प्रयोगाशी संबंध नाही. ती माझ्यापेक्षा पाच किलोंनी जास्त भरली. फरक भरून काढायला मी पाच किलोंचा मोठा शब्दकोश मांडीवर घ्यायचं ठरवलं.

शुक्रवारी सकाळी आम्ही पॅसेजच्या दोन टोकांना बसलो. कॅप्टनबाई घड्याळ घेऊन मध्ये उभ्या. "वेग किती?" त्यांनी विचारलं.

"सेकंदाला सव्वा मीटर. म्हणजे तुमच्या हॉलमध्ये भेटायला चोवीस सेकंद लागतील."

"चोवीस?" बाईंनी पॅसेजच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं. "अकरा वर्षांनी भेटायचं आणि चोवीस सेकंद नुसतं बघत तरंगत यायचं. काही करता येत नाही. हे तर जास्त छळणारं आहे." त्यांनी खिशातून पेन काढलं. "चांगलं आहे. सोडा."

आम्ही मागच्या भिंतींना हात टेकून स्वतःला ढकललं. वेग अचूक होता, दिशा अचूक होती. चित्रकार हात पसरून आली आणि माझ्या मांडीवरचा शब्दकोश सरळ तिच्या पोटात बसला. ती मागे गेली, मीही मागे गेले. माझ्यामागे केबिनचं दार होतं. नेमक्या त्याच वेळी काकूंच्या पुढारीपणाखाली सगळं ऑफिस वजनाबद्दल जाब विचारायला मालकांना केबिनमधून बाहेर घेऊन येत होतं. मी पाठमोरी त्या मोर्चात घुसले. मालक माझ्या मांडीवर बसले, शब्दकोशासकट.

उठल्यावर त्यांनी आधी कपडे झटकले, मग विजयी मुद्रा केली. "बघितलंत? सगळ्यांसमोर. मिठी होत नाही. बहिणी."

"ही मिठी नव्हती," मी म्हटलं. माझा आवाज चिरकला. "हा शब्दकोश होता. अंगठा ठेवून वाचता तसा अंगठा ठेवून प्रयोगही बघता का तुम्ही?"

मागे कुठेतरी डावीकडे ओढणारी खुर्ची कुरकुरली.

"म्हणजे वजनावरून कुणाला काढत नाहीयेत?" काकूंनी विचारलं.

"नाही हो. दोन बायकांची मिठी राहते की जाते, एवढाच प्रश्न आहे."

"एवढंच?" काकूंनी मालकांकडे असं पाहिलं की त्यांचं तीन दिवसांचं अर्धपोटी जेवण त्या नजरेत होतं. "अहो, मग पोरींना एकदा नीट करू तरी द्या. सरका."

मालक सरकले. मी शब्दकोश पाठीवरच्या पिशवीत टाकला. पॅसेजच्या टोकाकडून चित्रकार पोट चोळत म्हणाली, "फूटपट्टी, या वेळी मला धर. मागच्या वेळी तू पुस्तक धरलं होतंस."

"ते वजनासाठी होतं."

"माहितीये. मला धर."

मी तिला सांगितलं की हातांची पकड धडकेच्या क्षणी पूर्ण हवी, नाहीतर निकाल ग्राह्य धरता येत नाही. ती म्हणाली, "बरं." कॅप्टनबाईंनी घड्याळ शून्यावर आणलं. काकूंनी मांडणी करणाऱ्याला मागे ओढलं. मालकांनी हाताची घडी घातली, अंगठे आत.

आम्ही भिंती सोडल्या.

शेवटचं प्रकरण त्याच संध्याकाळी छपाईला गेलं, एका दुरुस्तीसह: अडीचच्या जागी चोवीस सेकंद. प्रयोगाची नोंद कॅप्टनबाईंनी स्वतःच्या अक्षरात लिहून मालकांच्या टेबलावर ठेवली, ती अशी. धडकेनंतर दोन्ही खुर्च्या मिळून चार सेंटीमीटर सरकल्या व थांबल्या. बरगड्या शाबूत. हात सुटायला लागलेला वेळ, तीन मिनिटं चाळीस सेकंद.