देविदासभाऊंची रविवारची मॅच

देविदासभाऊ हॉटेलात शिरले की दिग्रसच्या बसस्टँडसमोर कुणालाच गरम चहा मिळत नाही. ते समोरच्याच्या हातातला कप काढून घेतात, टेबलावर ठेवतात आणि बजावतात, "हा तू. बॅक. हालू नको." साखरेचा डबा म्हणजे गोल, बिस्कीट म्हणजे बॉल. सगळ्या कपांना चकवून बिस्कीट डब्यावर आपटेपर्यंत चहाला तोंड लावायचं नाही. एकदा एका कंडक्टरने मधेच घोट घेतला, तर भाऊ ओरडले, "अबे, डिफेंडर पिऊन टाकला यानं!"

तरुणपणी ते जिनिंग मिलच्या फुटबॉल टीमचे सेंटर फॉरवर्ड होते. त्यांचे गोल आमच्याकडे इतके गाजलेत, की तेव्हा जन्मलेही नव्हते असे लोक "मी गोलामागेच उभा होतो" म्हणून सांगतात. भाऊ कुणाला खोटं पाडत नाहीत. "असन बा, गर्दी लय होती." त्यांच्या तोंडून मार खातो तो फक्त पुसदचा गोलकीपर, सत्तारभाई. "सत्तार? अबे, त्याच्या पायातून म्हैस गेली असती!"

यंदा आमच्या गावच्या फुटबॉल स्पर्धेची फायनल रविवारी ठरली. पहिली किक भाऊंनी मारावी असं समितीत निघालं, आणि कुणाला नाही म्हणणं न जमणारा मी, भाऊंना न विचारताच हो म्हणून बसलो. भाऊ म्हणाले, "रविवारी जमत नाही. माही मॅच असते पुसदले."

"या वयात?"

"काहून? तुह्या पोटात कायले दुखून राह्यलं?"

समितीला काय तोंड दाखवू, या काळजीने माझी झोप उडाली. त्यात ही मॅच कसली, हे कुतूहलही होतंच. फायनलच्या आधीच्या रविवारी मनधरणी करायची म्हणून त्यांच्याबरोबर एसटीत बसलो.

पुसदला एका अंगणात सत्तारभाई खुर्चीवर बसले होते. लकव्याने उजवा हात मांडीवर निपचित पडलेला. मागे न्हाणीचं पत्र्याचं दार, तोच गोल.

"आला क्या, चोट्टे?" त्यांनी जड जिभेने विचारलं.

"आलो. आधी गोल खा, मंग शिव्या दे."

त्यांची सून माझ्याजवळ येऊन म्हणाली, "डॉक्टरनं व्यायाम सांगितला हाय, पण अब्बा कोणाचंच ऐकत नाही. हे आले का मात्र हात हलवून पाहतात."

भाऊंनी बॉल पायाने अलगद त्या उजव्या हाताकडे उडवला. दार वाजलं. पुन्हा उडवला, पुन्हा वाजलं. मी बॉल आणून देत राहिलो. बऱ्याच वेळाने सत्तारभाईंचा चेहरा ताठरला, हात मांडीवरून सरकला आणि बोटं बॉलला लागली. बॉल दाराऐवजी भिंतीवर गेला.

"रोक लिया!" सत्तारभाई ओरडले. "जाके बोल दिग्रस में!"

"सांगतो ना बे." भाऊंचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

फायनलचा विषय मी काढलाच नाही. समितीच्या शिव्या खाणं परवडलं.

"आता कोपऱ्यात मारतो, सत्तार. दम असन तर अडव," भाऊ गुरकावले. मग किक मारण्याआधी खाली वाकले आणि खुर्चीच्या डगमगत्या पायाखालची वीट त्यांनी नीट बसवली.