संत्र्याच्या डबीतली अंगठी

साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची अंगठी सोनाराच्या मखमली डबीतून द्यायचीच नाही, असं अश्विनने अमरावतीत जाहीर करून टाकलं. ती निघणार होती त्याने स्वतः लेथवर कातलेल्या लाकडी डबीतून. कारण होते होणारे सासरे. पहिल्याच भेटीत जानरावांनी त्याचे तळवे उलटसुलट करून विचारलं होतं, ''फिजिक्समधी एमएस्सी हाय, ते ठीक. पण या हातांले काही येते का बावा?''

गोल डबी कोणीही कातेल. अश्विनने संत्रं करायचं ठरवलं. वरून बसकं, एका बाजूने किंचित दबलेलं, देठासकट. त्या दबलेल्या बाजूसाठी त्याने लाकडाचं केंद्र सरकवलं, तसा लेथ असा थरथरला की शेजारच्या सुंदराबाई भूकंप समजून गॅस बंद करून रस्त्यावर आल्या. पण संत्रं झालं. रंग दिल्यावर तर सोलावंसं वाटेल असं झालं. झाकण इतकं नेमकं, की लावताना-काढताना हवा 'फुस्स' करायची.

''अकोल्याच्या उन्हात अडकलं म्हंजे?'' बहिणीने, प्रतीक्षाने विचारलं.

''उन्हाचं गणित केलंय मी.''

साक्षगंधाच्या दिवशी अकोल्यात नवरीच्या, ज्योत्स्नाच्या घरी डबी पाहून जानराव खूश झाले. आता मे महिन्यात अकोल्यात एखाद्याला मान द्यायचा म्हणजे त्याला कूलरसमोर बसवायचं. जानरावांनी एका मामांना तिथून उठवलं आणि खुर्चीवर डबीचं ताट ठेवलं. भाषणं संपेपर्यंत कूलर डबीवर ओली हवा फेकत होता.

अंगठीची वेळ आली. अश्विनने झाकण ओढलं. मग पिळलं. मग डबी गुडघ्यांत धरली. ज्योत्स्ना बोट पुढे करून उभीच.

''लाकूड ओल पिऊन फुगलंय,'' तो घाम पुसत म्हणाला.

''उन्हाचं गणित केलं होतं ना?'' प्रतीक्षा म्हणाली.

''उन्हाचं केलं होतं. कूलरचं नाही.''

''हातोडी आनू का?'' उठवलेल्या मामांनी फार आपुलकीने विचारलं.

''नको. उन्हात ठेवतो, पाच मिनिटांत आकसेल.''

डबी अंगणातल्या भिंतीवर ठेवून अश्विन दोन पावलं मागे सरला. तेवढ्यात कडुनिंबावरून एक वानर उतरलं, संत्रं उचललं आणि गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर जाऊन बसलं.

''अंगठी नेली वांदरानं,'' जानराव शांतपणे म्हणाले. खाली सगळी वऱ्हाडी मंडळी माना वर करून उभी राहिली. कोणी केळी दाखवली, कोणी चप्पल. वानराने संत्रं चावून पाहिलं, हुंगलं, तापलेल्या टाकीवर आपटलं, पुन्हा चावलं. बऱ्याच वेळाने त्याने झाकणावरचा देठ ओढला.

फुस्स.

''पाहिलं? आकसलं,'' अश्विन आनंदाने ओरडला. तेवढ्यात वानराने अंगठी हुंगून नापसंतीने खाली भिरकावली. ती थेट पंगतीसाठी मठ्ठ्याने भरून ठेवलेल्या गंजात पडली. वाढप्याने अख्खा गंज गाळला, तेव्हा ती सापडली.

जानरावांनी जावयाच्या पाठीवर थाप मारली. ''हात चांगला हाय बावा. वांदरालेही खरंच वाटलं.''

मठ्ठ्याने माखलेली अंगठी बोटात सरकली. ज्योत्स्ना हळूच म्हणाली, ''मंगळसूत्र चौकोनी डबीत आनजो.''

''लेथवर चौकोनी डबी होत नाही गं.''

''म्हनूनच.''