हलायचं नाही!

विद्यापीठाने पर्यावरण कक्ष आणि समुपदेशन कक्ष एकत्र केले, तेव्हा कुलसचिव म्हणाले होते, "पृथ्वीही सुखी, पोरंही सुखी!" प्रत्यक्षात समुपदेशक बाईंच्या वाट्याला एक जुनी अडगळीची खोली आली. तिला खिडकी नव्हती. छताला वीज वाचवणारा सेन्सर मात्र होता. खोलीत कोणी हललं नाही की थोड्या वेळाने दिवा बंद, हललं की चालू. आता सांगा, मन मोडलेलं पोर खुर्चीत बसून कवायत करणार आहे का? पण एवढा विचार करायला डोकं लागतं, आणि सेन्सर बसवणाऱ्या समितीत नेमका त्याचाच दुष्काळ होता.

पर्यावरण शिकणारी एक मुलगी पहिल्यांदा आली ती शिक्षण सोडून घरी जायचं म्हणत. का, ते सांगेना. मान खाली घालून बसली. तिला धीर यावा म्हणून बाईही गप्प बसल्या, आणि काळोख झाला. बाईंनी घाईघाईने दोन्ही हात हवेत हलवले. दिवा लागला तेव्हा मुलीला दिसलं ते एवढंच, की बाई आपल्याला हाकलताहेत.

"सॉरी मॅडम, जाते मी," म्हणाली आणि गेलीसुद्धा.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी तडक कुलसचिवांची केबिन गाठली.

"अहो साहेब, पोर रडायला आली होती, आणि मी तिच्यापुढे चौकातल्या हवालदारासारखे हात हलवतेय!"

"मग तिलाच जरा हलायला सांगा. व्यायामाने मन प्रसन्न राहतं."

"आधी उड्या मार, मग रड, असं सांगू?"

"बाई, हरित विद्यापीठाचा पुरस्कार तोंडावर आलाय. वीज वाचवायला नको?"

"तुमच्या एसीत मला हुडहुडी भरलीय! लोका सांगे ब्रह्मज्ञान!"

"बघतो," कुलसचिव म्हणाले. त्यांचं 'बघतो' म्हणजे 'विसरतो', हे ठाऊक असल्याने बाई रोज जाऊन त्यांच्या डोक्यावर बसू लागल्या. इकडे मुलीला ग्रंथालयात गाठून, विनवण्या करून परत आणलं. उद्याचं घरी जायचं तिकीट तिने काढलेलंच होतं.

ती बसली. दिवा गेला. बाई हात उचलणार, तोच काळोखातून आवाज आला, "राहू द्या मॅडम. असंच बरं वाटतंय."

बाई जागच्या जागी थिजल्या.

"वर्षभर सरांनी एकच शिकवलं. बर्फ वितळला, नद्या आटल्या, आता आपला नंबर. ते पाठ करून मी पहिली आले. तेव्हापासून झोपच नाही."

"आणि उपाय? ते नाही शिकवले?"

"शेवटचा धडा होता. सरांनी ऑप्शनला टाकला."

बाईंना टेबलावर मूठ आपटावीशी वाटली. पण आपटली तर दिवा लागणार! त्यांनी राग गिळला. नाकावर डास बसला होता, तोही सोसला.

"घरी बोललीस कोणाशी?"

"आई म्हणेल, पहिली आलीस आणि रडतेस? मॅडम, मला खरं तर..."

धाडकन दार उघडलं. दिवा लागला. दारात कुलसचिव, मागे शिडी घेतलेला वायरमन.

"अभिनंदन बाई! सेन्सर काढायला माणूस घेऊनच आलोय!"

मुलीने ओठ मिटले आणि पिशवी उचलली.

"खबरदार कोणी हललं तर!" बाई कडाडल्या. "शिडी बाहेर! दार लावा! तू बस गं. साहेब, तुम्हीही बसा!"

"पण तुम्हीच तर..."

"एक शब्द नाही!"

वायरमन शिडीसकट पळाला. कुलसचिव मुकाट्याने स्टुलावर टेकले. तिघंही पुतळ्यासारखी बसली, आणि दिवा विझला. आता मुलगी बोलेल म्हणून बाईंनी कान टवकारले, तर स्टुलावरून हुंदका आला.

"मलाही झोप लागत नाही हो, बाई. घरी मी बोलायला लागलो की सगळे दिवा घालवून झोपतात."

"नंबर लावा, साहेब!" बाई खवळल्या. "आधी तिचं!"

काळोखात मुलगी खुदकन हसली. "बोलू द्या ना त्यांना, मॅडम. मी उद्या येते परत."

उद्या येते! बाईंना इतका आनंद झाला, की त्यांनी नाकावर पुन्हा येऊन बसलेला डास चटकन मारला. लख्ख उजेड पडला.

"बाई," डोळे पुसत कुलसचिव कळवळले, "हलू नका ना!"