विहीणबाईंच्या गाईचा टब

नाताळच्या तोंडावर ड्राहोमिराच्या न्हाणीघराला कुलूप लागलं आणि जिन्यावरची सगळी बिऱ्हाडं विचारात पडली, की आत आहे तरी काय.

आत टब होता. बिडाचा, चार पायांवर उभा, पांढऱ्या मुलाम्याचा. ड्राहोमिराच्या सासूने तो वर चढवला तेव्हा जिन्याचा कठडा काढावा लागला होता. त्यात सासू बुडून बसली, पोरं बसली, दर नाताळात सणाच्या जेवणासाठी आणलेले कार्प मासे पोहले. नळाखाली मात्र एक तांबूस डाग होता, फाटक्या बुटाच्या आकाराचा. व्हिनेगर झालं, सोडा झाला, लिंबं झाली. डाग हलला नाही. ड्राहोमिराचं त्याच्याशी काही भांडणही नव्हतं. पोराचं, रादिमचं, लग्न होईपर्यंत.

लग्नाच्या दिवशी विहीणबाई ब्लाझेना हात धुवायला आत गेल्या. डोंगराकडच्या खेड्यातली बाई. दारातच थबकल्या, टबाकडे टक लावून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगोबाई! अस्साच टब आमच्या कुरणात आहे. गाय पाणी पिते त्यात."

एवढं बोलून बाई केक खायला निघून गेल्या. ड्राहोमिराने त्या दिवशी केकचा तुकडासुद्धा तोंडाला लावला नाही.

यंदा विहीणबाई पहिल्यांदाच सणाला राहायला येणार होत्या.

"आई, प्लास्टिकचा नवा टब घेऊ ना," रादिम म्हणाला.

"बदलला म्हणजे तो गाईचा होता हे कबूल केलं. बदलायचा नाही. उजळायचा."

"मग कारागीर बोलावू."

हे ऐकून ड्राहोमिराच्या नवऱ्याने, ओताकारने, चमचा खाली ठेवला. चेक माणसाचे हात सोन्याचे असतात असं त्या मुलखात म्हणतात. कोण म्हणतं? चेक माणसंच म्हणतात. बायकांना कुणी विचारलेलं नाही.

"माझ्या घरात कारागीर?" ओताकार म्हणाला. "मी मेलो का?"

रंगाचा डबा आला. त्यावर लिहिलेलं सून इव्होनाने मोठ्याने वाचून दाखवलं: टब आधी पॉलिश पेपरने सगळीकडून घासून खरखरीत करायचा, धुवायचा, सुकवायचा, मग रंग लावायचा, आणि मग आठवडाभर, म्हणजे थेट सणाच्या सकाळपर्यंत, पाण्याचा थेंबसुद्धा पडू द्यायचा नाही.

"पहिलंच काम महत्त्वाचं," इव्होना म्हणाली. "घासलं नाही तर रंग धरत नाही."

"मला शिकवू नकोस, पोरी," म्हणत ओताकार पॉलिश पेपर, बियरच्या बाटल्या आणि रेडिओ घेऊन आत गेला. दुपारभर आतून खरखर, खरखर. ड्राहोमिराने दोनदा दाराला कान लावला. संध्याकाळी तो मिशांवर भुकटी घेऊन बाहेर आला, तेव्हा कधी नव्हे ते तिने त्याला न मागता सूप वाढलं.

दुसऱ्या दिवशी रंग लागला. टब असा चकाकला की त्यात तोंड दिसावं. ड्राहोमिराने दाराला कुलूप घातलं आणि इव्होनाला बजावलं, "तुझ्या आईच्या कानावर गेलं तर सणाला तुझ्या ताटात नुसते काटे वाढीन. त्यांना वाटलं पाहिजे, टब आधीपासूनच असा होता."

"पण आईने तो बघितलाय की."

"तेव्हा उजेड कमी होता."

घरातली माणसं आंघोळीला वरच्या मजल्यावरच्या झेझुलाकडे जाऊ लागली. झेझुला म्हणजे एकटा, रिकामटेकडा म्हातारा. त्याचं नाक सगळ्या जिन्यातून फिरायचं.

"वहिनी, वास कसला हो?"

"सणाचा."

"आत कोणी मेलंय का?"

"अजून नाही. तुम्ही असेच विचारत राहिलात तर सांगता येत नाही."

कुणी म्हणालं, आत डुक्कर बांधलंय. कुणी म्हणालं, ओताकार दारू गाळतोय. ड्राहोमिरा स्वतः मात्र झेझुलाकडे गेली नाही, स्वयंपाकघरात घंगाळ्यातल्या पाण्याने अंग पुसत राहिली. परक्याच्या टबात सोडायला ती काही कार्प नव्हती.

विहीणबाई यायच्या होत्या सणाच्या सकाळी. आल्या आदल्या दिवशी. ड्राहोमिरा तेव्हा चौकात माशाच्या रांगेत उभी होती. आणि आपली कारागिरी दिवसातून दहादा बघितल्याशिवाय ओताकारला चैन पडत नव्हतं, म्हणून न्हाणीघराचं कुलूप नेमकं उघडं होतं.

विहीणबाईंच्या हातात ओल्या पोत्यात गावच्या तळ्यातला कार्प होता, बकरीच्या पिल्लाएवढा, आणि तो पोत्यातून लाथा घालत होता. आता अशा वेळी त्या मुलखात कोणी काही विचारत नाही. घरात कार्प आला की तो टबात जातो, अंगातला चिखल जाईपर्यंत पोहतो आणि मग कढईत येतो. विहीणबाईंनी पोतं उपडं केलं. आणि नळ? नळ ओताकारने स्वतः सोडला. जन्मभराची सवय. डोकं पोचायच्या आत सोन्याचे हात पोचले.

ड्राहोमिरा आपला कार्प घेऊन जिना चढली, तर घरातून पाण्याचा आवाज. तिने बूटही काढले नाहीत.

टब भरत आला होता. कडेकडेने रंगाचे पापुद्रे सुटून पाण्यावर डुलत होते आणि मधोमध कार्प एक मोठा पांढरा पापुद्रा शालीसारखा पाठीवर घेऊन फेऱ्या मारत होता.

"पाणी कोणी सोडलं?"

ओताकार आपल्या हातांकडे असा बघू लागला, जणू ते झेझुलाचे होते.

"माझं काही चुकलं का?" विहीणबाई घाबरल्या. "कार्प टबात नाही तर कुठे सोडायचा? सोफ्यावर?"

ड्राहोमिराने एक टोक धरून ओढलं. उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा रंग सरसर निघून आला. खाली जुना मुलामा होता तसाच, गुळगुळीत, आणि नळाखाली तो फाटका बूट.

"ओता," ती हळू आवाजात म्हणाली, आणि ती हळू बोलली की घरातलं मांजरसुद्धा बाहेर जायचं, "तू घासलं होतंस ना?"

"घासलं की."

"काय घासलंस?"

ओताकारने खाली मान घातली. "भाजी चिरायची फळी. आवाजापुरती."

"दुपारभर?"

"दोन्ही बाजूंनी."

रादिम हसला आणि लगेच खोकला. ड्राहोमिराच्या हातात रंगाची साल लोंबत होती. इतकी वर्षं तिने मान ताठ ठेवली, आणि आज तोच डाग त्याच बाईच्या पुढ्यात उघडा.

"बघा, विहीणबाई," ती म्हणाली. "नीट बघून घ्या. हाच तो तुमच्या गाईचा टब."

"गाईचा?"

"लग्नात म्हणाला होतात. गाय पाणी पिते म्हणून."

विहीणबाईंना आठवायला वेळ लागला. आठवलं तशा त्या स्टुलावर बसल्या.

"अहो, तो माझ्या आईचा टब! माझ्या नवऱ्याने उचलून कुरणात टाकला आणि घरात प्लास्टिकचा बसवला. बसलं की बुडाखाली चर्रर्र वाजतं, आणि पाय धुऊन होईतो पाणी गार. मी रोज गाईला पाणी दाखवायला जाते आणि त्या रांडेचा हेवा करते. त्या दिवशी तुमचा टब बघितला आणि जीव इतका गलबलला, म्हटलं विचारावं, घटकाभर बसू का यात? पण लेकीच्या लग्नात कसं विचारायचं?"

ड्राहोमिराने इतक्या वर्षांत विहीणबाईंसाठी घडवून ठेवलेली उत्तरं थोडीथोडकी नव्हती. ती सगळी तिने हातातल्या सालीबरोबर टाकून दिली.

"ओता," ती म्हणाली, "दोन्ही मासे बादलीत घाल आणि गॅलरीत ठेव. आणि गरम पाणी काढ. सवयीने नको, डोकं लावून काढ."

रंगाची सालं काढायला सगळे लागले. न घासल्यामुळे ती पटापट निघाली, आणि हे आपल्यामुळेच झालं असं ओताकार दोनदा म्हणाला. टब धुतला, भरला आणि विहीणबाई आत शिरून कडी लावून बसल्या.

सणाच्या दिवशी त्या पुन्हा बसल्या. तळलेल्या माशाचा वास घरभर सुटला, बटाट्याचं सॅलड तयार झालं, खिडकीबाहेर सांज उतरू लागली, आणि यजमानीणबाईचीच आंघोळ राहिली.

"विहीणबाई, येताय ना?"

"आलेच हो!" आतून आवाज आला, आणि पाठोपाठ गरम नळाचाही.

ड्राहोमिराने खांद्यावर टॉवेल टाकला आणि वरच्या मजल्यावर जाऊन झेझुलाचं दार वाजवलं.

"वहिनी, आता तरी सांगा," झेझुलाने विचारलं. "आत होतं काय?"

"विहीणबाई आहेत. बाजूला व्हा."

झेझुलाचा टब नवा होता, पांढराशुभ्र, प्लास्टिकचा, एक डाग नव्हता. ड्राहोमिरा जपून आत उतरली, कडा धरून बसली.

चर्रर्र.

"अरेरे," ती मोठ्याने म्हणाली. "बिचारी बाई."