रिबकामावशींची पृथ्वी

रिबकामावशी सकाळी मागच्या दारी उभ्या राहून ‘इव्हॅपोरेशन’ असं ओरडतात, तेव्हा पेणमधल्या आमच्या आळीत कुणाचीही मान वळत नाही. नव्या माणसाला मात्र वाटतं, म्हातारीनं कुणाला तरी हाक मारली. मलाही तसंच वाटलं होतं. धावत बाहेर आलो, तर मावशी दोरीवरच्या ओल्या साडीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "पाणी वर चाललंय. बघितलंस? आता बोल."

बोललो. त्यांच्याकडे भाड्यानं राहायला येऊन तेव्हा मला एक रात्र झाली होती.

मी वाशीमकडचा. आई तिकडेच असते; तिला फोन करायचं रोज उद्यावर जातं. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. इथं जोह्याला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतो, बसनं जातो-येतो. इंग्रजी अक्षर दिसलं की मला आजही घाम फुटतो. वाटतं, कुणीतरी आता वाचायला सांगणार. आणि देवानं घरमालकीण दिली ती ही.

मावशी सत्तरीच्या पुढच्या, ज्यू. त्यांची मराठी माझ्याहून अस्सल कोकणी. पूर्वी इथं त्यांच्या लोकांची पुष्कळ घरं होती, आता बहुतेक सगळे इस्रायलला गेले. रोह्याला एक चुलत नणंद उरलीय, तीही मुलाकडे जायचं म्हणते. मावशी मात्र मोबाइलवर व्हिडिओ बघत बसतात. त्यात गॉगलवाला एक किडकिडीत गोरा स्वयंपाकघरात काहीबाही उडवत, फेसाळवत असतो, आणि प्रत्येक धमाक्याला खाली मोठ्या अक्षरात एक शब्द येतो. लोक धमाका बघतात, मावशी शब्द धरतात. पण नुसता ऐकलेला शब्द त्यांना चालत नाही. "हातानं करून बघितल्याशिवाय शब्द आपला नाय," हा त्यांचा कायदा.

‘इरप्शन’ आपला करायला त्यांनी माझ्याकडून कारखान्यातली शाडू मागवली, अंगणात डोंगर केला, पोटात खायचा सोडा, वरून व्हिनेगर आणि माझा लाल रंग. डोंगर असा काही उसळला की शेजारच्या काकूंचे वाळत घातलेले पापड लाव्ह्यात गेले. काकू कमरेवर हात ठेवून आल्या. मावशींनी माफी मागितली, पण आधी शब्द सांगितला. काकू अजूनही नवऱ्याला राग आला की "आमच्यात इरप्शन चाललंय" म्हणतात, आणि ते बरोबर बसतं.

माझं म्हणाल तर कारखान्यातून परदेशी जाणाऱ्या खोक्यांवर मी इंग्रजी शब्द छापलेल्या चिकटपट्ट्या उलट्या लावायचो. ओरडा खाऊन आलो, तोंड पाडून बसलो. मावशी उठल्या. कपाटातला एकुलता नक्षीचा कप काढला आणि फरशीवर सोडला. "हे फ्रॅजाइल." मग स्टीलचा पेला सोडला. "हे नाय. बघितलंस? आता बोल." त्या शब्दाची पट्टी मी पुन्हा उलटी लावली नाही. कप कुणी दिलेला होता, ते विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.

हे सगळं कशासाठी, ते मला पहिल्या फोनला कळलं. मावशींची लेक एस्तेर तिकडे इस्रायलला, तिचा मुलगा नोआम. त्याची भाषा हिब्रू, मावशींची मराठी. मराठीतला ‘आजी’ हा एकच शब्द त्याला येतो. शाळेत इंग्रजी शिकायला तो तेच गॉगलवाल्याचे व्हिडिओ बघतो. त्यामुळे आजी-नातवाला जोडणारी भाषा एकच: धमाक्यांची. एरवी अडलं की एस्तेर मधे बसून सांगायची.

नारळाची पृथ्वी केली तीही तेव्हाच. मावशींनी सोललेला नारळ दिला आणि म्हणाल्या, ही पृथ्वी, पेणचा ठिपका दे. मी लाल दिला. लेकीचा निळा दिला. "आणि तुझं गाव?" माझा कुंचला जाड, गाव काढायला गेलो तर ते पेणच्या ठिपक्यातच मिसळलं. बॅटरीच्या उजेडात नारळ फिरवून त्यांनी मला ‘रोटेशन’ दाखवलं. आपल्याकडे दिवेलागण होते तेव्हा तिकडे अजून ऊन असतं, हे मी शाळेत ऐकलं असेल, पण बघितलं त्या दिवशी.

मागच्या हिवाळ्यात एका शुक्रवारी दुपारी एस्तेरचा फोन आला: कळा सुरू झाल्यात, दवाखान्यात निघालोय. सूर्य बुडायच्या आत मावशींनी शब्बाथचे दिवे लावले आणि मोबाइल कपाटात ठेवला. शुक्रवारचे दिवे लागल्यापासून शनिवारी तीन तारे दिसेपर्यंत त्या विस्तव पेटवत नाहीत, फोनला हात लावत नाहीत. जावईही तसाच कडक. मी म्हटलं, मला तर चालतं, मी बघतो ना फोन.

"तू बघितलंस तर तुझं तोंड बंद राहायचं नाय," मावशी म्हणाल्या. खरं होतं.

शनिवारभर त्या अंगणात नारळ घेऊन बसल्या. शब्बाथला बॅटरी चालत नाही म्हणून खऱ्याच सूर्यापुढे फिरवत. जेवल्या नाहीत. संध्याकाळी आम्ही दोघं आकाशाकडे बघत उभे. दोन तारे मी शोधले. तिसरा मी मोठ्या उत्साहानं दाखवला, तो डोलवीच्या कंपनीचा दिवा निघाला. खरा तिसरा दिसला, मोबाइल कपाटातून निघाला, आणि वाजला नाही.

"तिकडं अजून शनिवार हाय," मावशी म्हणाल्या. "रोटेशन व्हायचंय." मोबाइल मांडीवर, नारळ हातात. मी भात टाकला, भात झाला, निवला. एवढी मोठी पृथ्वी, आणि ती वळायची वाट बघत पेणात एक म्हातारी बसलेली.

मग व्हिडिओ कॉल वाजला. नोआमच. बाप दवाखान्यात, पोरगा शेजाऱ्यांकडे, मधे बसून सांगायला कुणी नाही.

"आजी," तो म्हणाला, "रिॲक्शन कम्प्लीट."

"मम्मी?"

"मम्मी स्टेबल. एनर्जी लो. चार्जिंग."

"बेबी?"

"स्मॉल मास. बिग साउंड." मग त्यानं दोन मुठी एकमेकींना चिकटवल्या. "मम्मी, बेबी, मॅग्नेट."

मावशींनी तोंडावर पदर धरला. मला वाटलं झालं, आता फोन ठेवतील. पण त्या पडद्याकडे बघतच राहिल्या. "अँड नोआम?"

पोरानं चिकटलेल्या मुठी सोडवल्या. मग एक मूठ लांब सरकवून म्हणाला, "नोआम रिपेल."

मावशींनी पदर सोडला. शब्दांसाठी त्यांना एवढं चाचपडताना मी कधी पाहिलं नव्हतं. नारळ उचलला, निळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं, मग लाल ठिपक्यावर. "नो. नोआम, आजी, ग्रॅव्हिटी. लाँग डिस्टन्स. स्टिल ग्रॅव्हिटी."

"नो रिपेल?"

"ग्रॅव्हिटी नो रिपेल. नेव्हर."

तिकडे तो हसला. समोरचे दोन दात पडलेले होते.

फोन ठेवून मावशी उठल्या. चांगली बातमी आली की त्यांच्यात मलिदा करतात: भिजवलेले पोहे, गूळ, वर खोबरं. घरात नारळ एकच होता. त्यांनी कोयता घेतला आणि आमची पृथ्वी एका घावात फोडली. पाणी मला दिलं. खोबरं खोवता खोवता, मान वर न करता म्हणाल्या, "तुझ्या आईला फोन लाव."

म्हटलं, उद्या लावतो, आता कशाला.

"तुझा ठिपका माझ्यातच होता ना रे? तुमच्याकडं पण सूर्य आपल्याबरोबरच बुडाला. मग तू कसली वाट बघतोस?"

नारळपाणी तसंच हातात धरून मी नंबर लावला. आईनं एका रिंगमध्ये उचलला.