बहुमतानं घग्गरच्या पात्रात

"तीस वर्षं आकाशात वाट काढली, एकदा चुकलो नाही! आणि इथं काय, वीस किलोमीटर! तेही जमिनीवर!"

विंग कमांडर अच्युत साठ्ये, निवृत्त, यांनी शनिवारी दुपारी आमटी वाढून घेताना ही घोषणा केली, आणि झिरकपूरच्या त्या सहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. बायको शशिकला आमटी वाढत राहिली. मुलगी अक्षरा ताटाकडे बघत राहिली.

अक्षराचं काय पणाला लागलं होतं ते आधी सांगायला हवं. मोहालीच्या ऑफिसात पाच दिवस कॉम्प्युटरसमोर बसणारी ही मुलगी उरलेले दोन दिवस जुन्या जिप्सीत बसून चिखलात घालवायची. मार्चमध्ये डोंगरातली मोठी रॅली होती. रविवारच्या चाचणीत पहिल्या सहात येणाऱ्यांनाच तिथं प्रवेश. दोन वर्षं ती याची वाट बघत होती. शेजारी बसून रस्ता सांगायचं काम तिची मैत्रीण आश्लेषा करायची. पण आश्लेषा सेक्टर ३२च्या हॉस्पिटलात डॉक्टर, तिला ऐन रविवारी ड्यूटी लागली. आणि अच्युतराव तर आठ महिन्यांपासून घरीच होते. हवाई दलात जन्मभर नेव्हिगेटर! आता घरात दुधाच्या पिशव्यांचंसुद्धा उड्डाणपत्रक लावायचे. अक्षरानं तीन दिवस विचार केला आणि मग म्हणाली, "ओके बाबा. बट प्लीज, सिंपल रखना."

सिंपल! अच्युतरावांनी आठवडाभर दुकानं पालथी घातली, चार दुकानदारांना घाम फोडला आणि शेवटी निवड केली. डॅशबोर्डच्या मधोमध ऑफलाइन नकाशांचा टॅब. त्याच्या डावीकडे हातात धरायचं, पाण्यात न बिघडणारं जीपीएस. आणि उजवीकडे अक्षराचा फोन, ज्यात आयोजकांनी पाठवलेली फाइल तिनं स्वतः उतरवून घेतली होती.

"तीन क्यों, बाबा?"

"बहुमत! विमानात असंच असतं बाळा. एक यंत्र वेडं झालं तर उरलेली दोन त्याला गप्प बसवतात."

फाइलवर त्यांचा विश्वास नव्हता. आयोजकांनी कागदावर छापून दिलेले अक्षांश-रेखांशाचे आकडे त्यांनी टॅबमध्ये आणि जीपीएसमध्ये स्वतःच्या बोटांनी, दोनदा तपासून भरले.

रविवारी सकाळी डेराबस्सीच्या बाहेर, सुरुवातीच्या तंबूपाशी असं धुकं होतं की बॉनेट दिसत होतं, त्याच्यापुढचं जग अजून निर्माण व्हायचं होतं. आयोजक कुलजीत गिल हातावर फुंकर मारत म्हणाला, "अंकल जी, थोडा रुक जाते?"

"धुकं यंत्राला दिसत नाही!" अच्युतराव म्हणाले आणि लगेच हिंदीत, "हम पहले नंबर पे हैं. झेंडा दिखाइए!"

साडेसातला झेंडा पडला. पहिल्या ठाण्यावर आठच्या आत पोचायचं, कार्डावर शिक्का घ्यायचा, पुढं निघायचं. असे चार शिक्के. एक चुकला की बाद!

वीस मिनिटांनी भांडण सुरू झालं. माणसांचं नव्हे, यंत्रांचं. टॅब म्हणाला, उजवीकडे. जीपीएस म्हणालं, उजवीकडे. फोनमधली बाई म्हणाली, डावीकडे!

"बाबा, फोन में तो लेफ्ट है."

"दोन विरुद्ध एक. उजवीकडे!"

"पर फोन में ऑर्गनायझर्स की फाइल है!"

"अक्षरा, गाडी कोण चालवतंय?"

"मैं."

"मग रस्ता कोण सांगतंय?"

अक्षरानं स्टिअरिंग फिरवलं. जिप्सी उजवीकडे वळली. फोनमधली बाई दर पाच सेकंदांनी मागं वळायला सांगत होती, तिच्या आवाजात आता आर्जव येत चाललं होतं. अच्युतरावांनी फोन बंदच करून टाकला.

धुक्यातून एक भलं मोठं लोखंडी फाटक समोर आलं. टॅब आणि जीपीएस एका सुरात किंचाळले, पोचलात!

"ये तो फॅक्टरी है बाबा!"

"प्रायोजक असतील!" असं म्हणून अच्युतराव खाली उतरले. अंगात निळं जाकीट, छातीवर पंखांचा बिल्ला, गळ्यात स्टॉपवॉच, हातात क्लिपबोर्ड. फाटकावरच्या रखवालदारानं त्यांना पाहिलं आणि कडक सलाम ठोकला.

"टाइम नोट करो! सात बावन्न!"

रखवालदारानं वेळ लिहिली आणि आत फोन लावून दबक्या आवाजात कळवलं, इन्स्पेक्शनवाले साहब आ गए! औषधांचा कारखाना होता तो, सकाळची पाळी चालू होती. दोन मिनिटांत स्वेटरची एकच बाही घातलेला मॅनेजर धावत आला.

"सर, आप... संडे को?"

"ये तो संडे को ही होता है!"

"सर, पहले प्रोडक्शन देखेंगे या स्टोअर?"

"कुछ नहीं देखना. सील लगाइए, जल्दी! हमें आगे तीन जगह और जाना है."

मॅनेजरचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. "सील? सर, बिना नोटिस के सील?"

"नोटिस पंद्रह दिन पहले निकला है! आपको मिला नहीं?"

मॅनेजरनं फाटकाचा गज धरला. "सर, चार सौ लोग काम करते हैं यहाँ! एक बार अंदर बैठ के बात तो कीजिए. चाय..."

"चाय का टाइम नहीं! सील!"

इकडे जिप्सीत अक्षरा स्टिअरिंगवर बोटं आपटत होती. सात पंचावन्न. सात छप्पन्न. तिकडे मॅनेजरचे डोळे भरून यायच्या बेतात होते. शेवटी रखवालदारालाच सुचलं. साहेबांनी पुढं केलेल्या कार्डावर त्यानं आपल्या केबिनमधला रोजचा शिक्का दाणकन मारला. अच्युतरावांनी त्याची पाठ थोपटली, मॅनेजरला "व्हेरी गुड सेट-अप!" म्हणाले आणि उडी मारून गाडीत बसले. मॅनेजर धुक्यात कितीतरी वेळ हात जोडून उभा होता.

अक्षरानं कार्ड बघितलं. "बाबा, इस पे 'मटेरियल रिसीव्ह्ड' लिखा है."

"म्हणजे पोचलो, असाच अर्थ झाला ना? चल!"

आता दोन्ही यंत्रं एकमतानं घग्गरकडे निघाली. डांबरी रस्ता संपला, मग कच्चा रस्ता संपला, मग काहीच उरलं नाही. जिप्सी उतारावरून घसरत नदीच्या पात्रात आली. हिवाळ्यात घग्गरला पाणी थोडंच, पण रेती मात्र अथांग. दोन्ही खिडक्यांबाहेर कापसासारखं पांढरं.

"अजून चारशे मीटर. सरळ."

"बाबा, मुझे कुछ नहीं दिख रहा."

"मला दिसतंय. सरळ!"

"साडेतीनशे... तीनशे..." एवढ्यात पुढचं डावं चाक खाली गेलं. अक्षरानं वेग वाढवला, तसं मागचंही गेलं. इंजीन ओरडलं, रेती उडाली, गाडी एका अंगावर कलली आणि थांबली.

अक्षरानं इंजीन बंद केलं. तसा पाण्याचा आवाज ऐकू आला. खूप जवळून.

अक्षरानं दार उघडून खाली टॉर्च मारला. चाकाखालच्या खड्ड्यात पाणी झिरपत होतं आणि चाक हळूहळू, इमानेइतबारे खाली चाललं होतं. तिनं दार लावलं. तिचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला.

"बाबा, आपण कुठं आहोत?"

मराठीत! ही मुलगी मराठीत फक्त तापात बोलायची. तीस वर्षांत हा प्रश्न अच्युतरावांना कितीतरी वैमानिकांनी विचारला होता आणि प्रत्येक वेळी उत्तर तयार असायचं. त्यांनी टॅबकडे पाहिलं, जीपीएसकडे पाहिलं. दोन्ही ठामपणे सांगत होती की ठाणं नदीच्या मधोमध आहे.

"कागद द्या," अक्षरा म्हणाली. तिनं आयोजकांचा कागद टॅबशेजारी धरला. एकदा बघितलं, दोनदा बघितलं.

"तीस अंश, अडतीस पॉइंट बावन्न मिनिटं. पॉइंट बावन्न! ते सेकंद नाहीत बाबा, मिनिटाचे शतांश आहेत. म्हणजे एकतीस सेकंद. तुम्ही बावन्न टाकलेत."

अच्युतरावांनी चष्मा पुसला. बघितलं. नशीब असं, की एकाही आकड्यात टिंबापुढं साठच्या वरचं काही नव्हतं, नाहीतर यंत्रांनीच नकार दिला असता. प्रत्येक ठाणं अर्धा-पाऊण किलोमीटर सरकलं होतं.

"पण दोन्ही यंत्रं..." ते पुटपुटले.

"दोन्ही तुम्हीच भरलीत. दोन मतं, पण माणूस एकच!"

ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती समोर बघत बसली, डोळ्यांत पाणी, हात स्टिअरिंगवर. अच्युतराव खाली उतरले. घोट्यापर्यंत बर्फासारख्या पाण्यात उभं राहून त्यांनी टायरमधली हवा कमी केली, गाडीत मागं ठेवलेली लोखंडी पट्टी चाकाखाली सरकवली, फावड्यानं रेती उपसली. पंचावन्नाव्या वर्षी! कंबरेतून कळ गेली, ती त्यांनी कुणाला सांगितली नाही.

"हळू. पहिला गिअर. आता!"

जिप्सी कुरकुरली, डगमगली आणि वर आली.

"गाडीत बसू नका, मला पुढचं दिसत नाहीये," अक्षरा म्हणाली.

मग विंग कमांडर साठ्ये काठी घेऊन पुढं चालू लागले. काठीनं रेती दाबायची, घट्ट लागली की हात वर करायचा. मागून दहा फुटांवर जिप्सी, गोगलगाईच्या वेगानं. एकदा काठी निम्मी आत गेली, तेव्हा अक्षरानं कचकन ब्रेक दाबला. डावीकडून वळसा. पुन्हा टोचत, पुन्हा हात. असे पाऊण तास! शेवटी काठावर चढ लागला, आणि वर गेल्यावर एक सुरेख, मऊ, सरळ वाट सापडली.

"बघ!" अच्युतरावांना पुन्हा सूर सापडला. "किती व्यवस्थित वाट! दोन्ही बाजूंना झुडपंसुद्धा लावलीत!"

त्या वाटेनं ते डांबरी रस्त्याला लागले आणि अक्षरानं फोन चालू केला. फोननं एकापाठोपाठ एक सव्वीस मिस्ड कॉल ओकले. सगळे कुलजीतचे.

तंबूपाशी पोचले तेव्हा धुकं विरळ झालं होतं. एकवीस गाड्या तशाच उभ्या होत्या आणि सगळे स्पर्धक पराठे खात होते. कुलजीत धावत आला. "अंकल जी! आपके जाते ही कॅन्सल कर दिया था! अगले संडे होगी. हम तो दो घंटे से आप दोनों को ढूँढ रहे थे!"

अक्षरा बॉनेटवर बसली. आधी तिचे खांदे हलले. अच्युतरावांना वाटलं, रडतेय. जवळ गेले तर ती हसत होती, पोट धरून.

"सॉरी, बाळा," ते म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून घरात शेवटचा कधी निघाला होता ते शशिकलालाही आठवलं नसतं.

"बाबा, तुम्ही पुढं चालत होतात ना, तेव्हा मला अजिबात भीती नाही वाटली."

अच्युतरावांची छाती जाकिटात मावेना. घसा खाकरून ते काहीतरी गंभीर बोलणार, एवढ्यात धडधडत एक ट्रॅक्टर आला. वर शाल पांघरलेले एक सरदारजी. त्यांच्या हातात मुळासकट उपटलेला मटाराचा वेल होता आणि त्यावर टायरची नक्षी स्पष्ट उमटली होती. सगळ्या गाड्यांवरून नजर फिरवत त्यांनी गरजून विचारलं,

"साडे मटरां विच जीप दे अग्गे-अग्गे कौण तुरदा सी?"

मटारात जीपच्या पुढं पुढं कोण चालत होतं! पराठे खाणारे हात थांबले. अच्युतरावांनी क्लिपबोर्ड हळूच पाठीमागं नेला आणि ते आकाशाकडे बघू लागले.

अक्षरानं बॉनेटवरून उतरून त्यांच्या खांद्यावर हात टाकला आणि अभिमानानं, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं,

"मेरे पापा हैं जी. नेव्हिगेटर!"